तळघरातलं कॉमिक्सचं खोकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर उन्हाळ्यात मला हे फोन येतात. कुणी घर विकायला काढलेलं असतं, कुणाची मुलं शिकून कायमची बाहेर पडलेली असतात, आणि तळघर आवरताना पुठ्ठ्याचं एक लांबट खोकं हाती लागतं. "काका, सुपरमॅनचा काळ्या पिशवीतला अंक आहे, सील न तोडलेला. कितीला जाईल?" मी १९९१ साली एमएस करायला न्यू जर्सीत आलो, तेव्हा अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सची तेजी ऐन भरात होती. पैसे घातले, हात पोळले. नंतर बरीच वर्षं शनिवार-रविवारी प्रदर्शनांत टेबल मांडून जुन्या अंकांची खरेदी-विक्रीही केली. लोकांचे प्रश्न तेच असतात, माझी उत्तरंही तीच. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

खोकं सापडलंय. लॉटरी लागली का?

बहुतेक नाही. पण फोन करण्याआधी एक गोष्ट स्वतःच बघा: मुखपृष्ठावर छापलेली किंमत. दहा सेंट असेल तर अंक १९६१ च्या अखेरीपर्यंतचा. तो हातातून खाली ठेवा, हात धुऊन या, मग पुन्हा उचला. बारा सेंट म्हणजे साधारण १९६२ ते १९६९. पंधरा, वीस, पंचवीस सेंट म्हणजे सत्तरचं दशक अर्ध्यापर्यंत. इथवरचं काहीही निघालं तर जरूर फोन करा, रात्री अकरालासुद्धा चालेल.

किंमत एक डॉलर, सव्वा डॉलर, दीड, अडीच असेल, आणि त्यातून मुखपृष्ठ चमकत असेल, तर तो तेजीतला माल आहे. शंभरातल्या पंच्याण्णव खोक्यांत तोच निघतो.

ही तेजी नक्की कधीची?

ढोबळमानाने १९८९ ते १९९३. १९८९ मध्ये बॅटमॅनचा मोठा सिनेमा आला आणि कॉमिक्सच्या दुकानांत नवी गर्दी सुरू झाली. बेसबॉल कार्डांचा सट्टा खेळणारे लोकही याच सुमारास इकडे वळले. १९९० मध्ये चित्रकार टॉड मॅकफार्लेनच्या नव्या 'स्पायडरमॅन' मालिकेचा पहिला अंक पंचवीस लाखांच्या आसपास खपला. १९९१ मध्ये 'एक्स-फोर्स'चा पहिला अंक त्याच्याही पुढे गेला, आणि त्याच वर्षी 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेचा पहिला अंक ८१ लाखांवर पोचला. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. १९९२ मध्ये मार्व्हलचे सात नावाजलेले चित्रकार बाहेर पडले आणि त्यांनी 'इमेज' ही स्वतःची प्रकाशन संस्था काढली. त्याच नोव्हेंबरात सुपरमॅन मेला. १९९३ मध्ये शिखर गाठलं आणि त्याच वर्षी पाय घसरला.

धोक्याची घंटा आधीच वाजून गेली होती. १९८४ मध्ये दोन तरुणांनी स्वतःच्या खिशातून 'टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स' हे कृष्णधवल कॉमिक काढलं. पहिल्या अंकाच्या फक्त तीनेक हजार प्रती होत्या. भाव चढल्यावर जो तो कृष्णधवल कॉमिक्स छापायला लागला. त्या नकलांत किरणोत्सर्गी उंदीरसुद्धा कराटे खेळून गेले. १९८७ पर्यंत तो खेळ आटोपला होता. पण सट्टेबाजांची स्मरणशक्ती पावसाळी छत्रीसारखी असते, ऊन पडलं की कुठेतरी विसरलीच.

मग जुने अंक लाखो डॉलरना कसे जातात?

लोकांनी ते फेकून दिले म्हणून.

'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, जून १९३८, किंमत दहा सेंट. सुपरमॅन पहिल्यांदा यात दिसला. छापले होते दोन लाखांच्या आसपास, आणि आज जगात शिल्लक असलेल्या माहितीतल्या प्रती जेमतेम शंभर आहेत. २०२४ मध्ये त्यातली एक साठ लाख डॉलरना गेली. बाकीच्या प्रतींचं काय झालं? पोरांनी वाचून फाडल्या, एकमेकांना दिल्या, गुंडाळी करून मागच्या खिशात खोचल्या. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यात गठ्ठेच्या गठ्ठे लगद्याला गेले. पुढे कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली, काही गावांत होळ्या पेटल्या, आणि १९५४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. एवढ्यातून जे वाचलं त्यातलं पुष्कळसं आयांनी रद्दीत घातलं.

ते अंक साठवायचे असतात हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं. क्वचित एखादा निघाला तर त्याची दंतकथा होते. कोलोरॅडोमधल्या एडगर चर्च नावाच्या गृहस्थांनी आवडीने वीसेक हजार कॉमिक्स घरात रचून ठेवली होती, अगदी कोरी करकरीत. १९७७ मध्ये घर रिकामं करताना घरच्यांना ती नकोशी झाली. चक रोझान्स्की नावाच्या तरुण दुकानदाराने ती उचलली आणि 'माईल हाय कलेक्शन' हे नाव झालं. आजही एखादा अंक त्या ढिगातला आहे म्हटलं की भाव वेगळा लागतो.

१९९१ मध्ये लोकांनी नेमकं उलटं केलं. त्यांनी अशा बातम्या वाचल्या आणि नवा अंक हातात पडताक्षणी प्लॅस्टिकमध्ये घातला. ८१ लाख अंक छापून सगळेच जपून ठेवले तर तीस वर्षांनी बाजारात काय दिसणार? जवळपास ८१ लाख अंक. त्यातून या अंकांचा कागदही जुन्यापेक्षा चांगला, तो लवकर पिवळासुद्धा पडत नाही.

८१ लाख अंक विकले गेले, म्हणजे तेवढे वाचक होते ना?

नाही, आणि या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

पूर्वी कॉमिक्स वर्तमानपत्राच्या स्टॉलवर, औषधांच्या दुकानात मिळायची. न खपलेल्यांचं मुखपृष्ठ फाडून वितरकाकडे परत पाठवलं की पैसे परत. (खोक्यात मुखपृष्ठ नसलेला जुना अंक निघाला तर तो असाच मागच्या दाराने बाहेर आलेला असू शकतो.) सत्तरच्या दशकात फिल सुलिंग नावाच्या ब्रुकलिनच्या शिक्षकाने प्रकाशकांशी वेगळा सौदा केला: मला जास्त सूट द्या, माल मी परत करणार नाही. त्यातून कॉमिक्सची स्वतंत्र दुकानं आणि त्यांचे वितरक अशी नवी बाजारपेठ उभी राहिली.

या पद्धतीत प्रकाशकाने अंक दुकानदाराला विकला की तो 'विकला'. पुढे तो वाचकाच्या हातात गेला, दुकानाच्या मागच्या खोलीत पडला की एखाद्या दंतवैद्याच्या गॅरेजमध्ये, याचा त्या आकड्याशी संबंध नाही. ८१ लाख हा दुकानदारांनी मागवलेल्या अंकांचा आकडा आहे. त्यात माझे सहा आहेत. मी वाचक एकच होतो.

सहा कशाला?

कारण मुखपृष्ठं पाच होती. दीड डॉलरची चार, चारही शेजारी ठेवली की एक सलग चित्र व्हायचं. मग पाचवं, जवळपास चार डॉलरचं, घडीचं. त्यात ते चारही भाग एकत्र. आतली गोष्ट पाचांतही तीच, शब्द न् शब्द. पाच जपायला घेतले आणि एक वाचायला. महिन्याच्या खर्चाला हातात जे काही पडायचं त्यातून हे केलं, आणि घरी पत्रात लिहिलं की पुस्तकं फार महाग आहेत इथली. ते खोटं नव्हतंच म्हणा.

ही चमकणारी, भोकं पाडलेली मुखपृष्ठं म्हणजे काय भानगड?

गोष्टीवर अंक खपेना तेव्हा कागदावर खपवायचा, ही भानगड. 'सिल्व्हर सर्फर'च्या पन्नासाव्या अंकाला उठावाचं चंदेरी फॉइल लावलं आणि तो पुन्हा पुन्हा छापावा लागला. मग कुणी थांबेना. 'घोस्ट रायडर'चं मुखपृष्ठ अंधारात चमकायला लागलं. 'वुल्व्हरिन'च्या पन्नासाव्यावर नख्यांनी फाडल्यासारख्या खऱ्याखुऱ्या चिरा आल्या. स्पायडरमॅनला तीस वर्षं झाली म्हणून होलोग्राम आले. व्हॅलियंट या प्रकाशनाने 'ब्लडशॉट'च्या पहिल्या अंकाला क्रोमियमचं मुखपृष्ठ दिलं. ते प्रकाशात हलवलं की स्टीलच्या डब्याच्या झाकणासारखं दिसतं. 'प्रोटेक्टर्स' नावाच्या एका मालिकेने तर कहर केला: पात्राला गोळी लागते म्हणून अख्ख्या अंकातून आरपार भोक पाडलं. वाचताना प्रत्येक पानावर ते भोक.

सुपरमॅन मेला तेव्हा खरंच रांगा लागल्या होत्या?

लागल्या होत्या, मी उभा होतो. बुधवार, १८ नोव्हेंबर १९९२. 'सुपरमॅन' मालिकेचा ७५ वा अंक. टीव्हीवर बातमी, वर्तमानपत्रांत बातमी, जणू कुणी राष्ट्राध्यक्ष गेला. कडाक्याची थंडी. दुकान उघडायच्या आधी रांग पार्किंग ओलांडून पलीकडच्या लाँड्रीपर्यंत गेलेली. माझ्यापुढे सूट घातलेला एक मनुष्य होता. त्याने मला विचारलं, "यातला सुपरमॅन कोण आणि क्लार्क केंट कोण?" मला त्या क्षणी कळायला हवं होतं. शेअर बाजारात म्हणतात ना, लिफ्टवाला टिप द्यायला लागला की विकून मोकळं व्हावं, तसं.

दुकानदाराने माणशी दोनच अंक असा नियम केला होता. मी दोन घेतले, माझ्या नागपूरच्या रूममेटला कॉमिक्सशी घेणंदेणं नसताना ओढून नेलं आणि त्याच्या नावावर आणखी एक घेतला. अडीच डॉलरला एक. काळी पिशवी, वर रक्त ठिबकणारा लाल एस. आत अंकाबरोबर मृत्युलेख, पोस्टर, तिकिटं, एक कार्ड आणि दंडाला बांधायची काळी फीत. रूममेटने त्याची पिशवी बसमध्येच टराटरा फाडली. मी अक्षरशः ओरडलो. तो शांतपणे वाचत बसला. त्या अंकात प्रत्येक पानावर एकच मोठं चित्र आहे, त्यामुळे स्टॉप यायच्या आत वाचून झालाही. मग म्हणाला, "मेला बुवा," आणि ती फीत दंडाला बांधून लॅबमध्ये गेला. प्रोफेसरांनी त्याला हळूच बाजूला घेऊन विचारलं, घरी कोण गेलं म्हणून.

सगळ्या छपाया धरून तो अंक साठ लाखांच्या घरात गेला. वर्षाच्या आत सुपरमॅन परतही आला.

पिशवी सीलबंद आहे. उघडू की नको?

उघडा, वाचा. सीलबंद अंक आजही छापील किमतीच्या काही पटींतच मिळतो. महागाई धरली तर त्यात काही उरत नाही. उघडल्याने तुमचं नुकसान झालंच तर एका जेवणाचं होईल. शिवाय ती पिशवी टिकाऊ नाही. स्वस्त प्लॅस्टिक तीस वर्षांत चिकट होतं, आतलं कार्ड दाबलं जाऊन अंकावर त्याचा आयताकृती ठसा उमटतो. सील शाबूत, अंक खराब, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

प्राइस गाइडमध्ये तर भाव जास्त दिलाय!

गाइडमधला भाव म्हणजे लग्नाच्या बायोडेटातलं वर्णन. खोटं नसतं, पण माणूस समोर आल्यावर बघायचं.

रॉबर्ट ओव्हरस्ट्रीटचं वार्षिक गाइड १९७० पासून निघतंय, आणि जुन्या अंकांसाठी ते कामाचं आहे. तेजीत मात्र १९९१ मध्ये निघालेल्या 'विझार्ड' मासिकाने दर महिन्याला भाव द्यायला सुरुवात केली. सोबत त्या महिन्यातल्या गरम अंकांची यादी. लोक यादी बघून घ्यायचे, घेतले म्हणून भाव चढायचा, भाव चढला म्हणून पुढच्या महिन्यात यादीत वर. हे चक्र फिरतं तोवर सगळे हुशार असतात.

आणि तो भाव विकण्याचा असतो, विकत घेण्याचा नाही. गाइडमध्ये शंभर लिहिलेला चांगला अंक दुकानदार तुमच्याकडून तीस-चाळीसला घेईल. हमखास खपणारा असेल तर पन्नास-साठला. यात लबाडी नाही. त्याला भाडं आहे, आणि तो अंक दोन वर्षं पेटीत पडून राहू शकतो. तेजीतल्या सामान्य अंकाला तो काहीच देणार नाही, कारण त्याच्याकडे तेच चाळीस आधीच आहेत.

मी स्वतः १९९७ मध्ये दोन भरलेली खोकी एका दुकानात घेऊन गेलो होतो. पाचशेच्या वर अंक. मालकाने अंगठ्याने पुढून मागे फर्रर्र केलं, पत्त्यांच्या कॅटासारखं. एकही अंक वर काढला नाही. म्हणाला, "खोक्याला पंधरा डॉलर. रिकामी खोकी मला लागतातच." मी रागाने परत आणली. पुढच्या वर्षी घर बदलताना पाठ धरली तेव्हा त्या पंधरा डॉलरची फार आठवण आली.

दुकानदारांची तरी चांदी झाली असेल?

सुरुवातीला झाली. मग सगळ्यात जास्त तेच मेले.

त्यांची गोची समजून घ्या. ऑर्डर दोन-तीन महिने आधी द्यायची, कॅटलॉगमधलं एक चित्र आणि चार ओळी वाचून. माल परत नाही. सुपरमॅनच्या ७५ व्या अंकाच्या वेळी अनेकांनी कमी मागवला आणि गिऱ्हाइकं परत गेली. हातातोंडाशी आलेला घास गेल्याची ती चुटपुट. म्हणून १९९३ मध्ये 'ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन'चा ५०० वा अंक आला, पांढऱ्या पिशवीत, तेव्हा सगळ्यांनी भरभरून मागवला. आता मात्र रांगेतलं ते सूट घातलेलं गिऱ्हाईक आलंच नाही. त्याच उन्हाळ्यात व्हॅलियंटचा 'टुरोक'चा पहिला अंक आला, सतरा लाखांच्या आसपास छापलेला. तो दुकानांत असा साचला की आजही 'कोणताही अंक एक डॉलर' अशा पेटीत हात घातला तर बोटांना लागतो. मग इमेज आणि व्हॅलियंटची जोडमालिका 'डेथमेट'. तिचे काही भाग इतके उशिरा आले की अंक पोचेपर्यंत लोक विसरूनही गेले होते. पैसे मात्र दुकानदाराचे अडकलेले.

दुकानदाराच्या मागच्या खोलीतली भिंत अशी हळूहळू पुढे सरकत आली. उधारीवर माल देणारा वितरक एक दिवस रोख मागायला लागला की संपलं. शिखरावर असताना अमेरिकेत दहाएक हजार ठिकाणी कॉमिक्स विकली जात होती असं धरतात. काही वर्षांत त्यातली बहुतेक बंद झाली. आमच्या विद्यापीठाजवळची तीनही गेली. एकात आता नेल सलून आहे.

मार्व्हल दिवाळखोरीत गेली ती यामुळेच?

बऱ्याच अंशी, पण एकट्या यामुळे नाही. रॉन पेरेलमन यांनी १९८९ मध्ये मार्व्हल ८.२५ कोटी डॉलरना घेतली, १९९१ मध्ये शेअर बाजारात उतरवली आणि मग कर्ज काढकाढून इतर कंपन्या घेतल्या. त्यात फ्लीअर ही खेळाडूंची कार्डं छापणारी कंपनी होती. १९९४ मध्ये बेसबॉलपटूंनी संप केला आणि कार्डांचा बाजारही झोपला. त्याच वर्षअखेरीस मार्व्हलने न्यू जर्सीतली 'हिरोज वर्ल्ड' ही वितरण संस्था घेतली आणि ठरवलं, आमची कॉमिक्स आता फक्त इथूनच. त्या संस्थेला तो पसारा झेपला नाही. चुकीचा माल, अर्धा माल, उशिरा माल. प्रतिस्पर्धी प्रकाशक डायमंड या वितरकाकडे गेले, कॅपिटल सिटी हा दुसरा मोठा वितरक १९९६ मध्ये डायमंडच्या पोटात गेला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९८ मध्ये टॉय बिझ या खेळण्यांच्या कंपनीबरोबर ती पुन्हा उभी राहिली. डायमंडची जवळपास मक्तेदारी मात्र पुढे दोन दशकांहून जास्त टिकली. २०२५ च्या जानेवारीत तिनेही दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणजे त्या काळातलं काहीच चालत नाही?

चालतं. आणि गंमत बघा काय चालतं ते.

'बॅटमॅन ॲडव्हेंचर्स'चा बारावा अंक, सप्टेंबर १९९३. टीव्हीवरच्या कार्टूनवरून काढलेली, लहान मुलांची मालिका. फॉइल नाही, पिशवी नाही, होलोग्राम नाही. सट्टेबाजांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मुलांनी वाचली, चुरगाळली, रंगवली. या अंकात हार्ली क्विन पहिल्यांदा कॉमिक्समध्ये आली. आज चांगल्या अवस्थेतली प्रत शेकड्यांनी डॉलर आणते. त्याच महिन्यांत लोक टुरोकची पेटीच्या पेटी घरी नेत होते.

तसंच 'बोन'चा पहिला अंक, १९९१, जेफ स्मिथने स्वतः छापलेला, थोड्याशा प्रतींचा. 'न्यू म्युटंट्स'चा ९८ वा अंक, फेब्रुवारी १९९१, त्यात डेडपूल पहिल्यांदा येतो; हा पुष्कळ छापला गेला, पण मागणीही तशीच टिकली. तेजीच्या जरा आधीचा, १९८८ चा 'अमेझिंग स्पायडरमॅन' ३०० हाही बघा, व्हेनम या खलनायकाच्या पदार्पणासाठी. हे चार खोक्यात असतील तर बाजूला काढा.

अंक मूळ छपाईचा आहे हे कसं ओळखायचं?

आतल्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत प्रकाशनाचा तपशील असतो, तिथे दुसरी-तिसरी छपाई असेल तर बहुधा लिहिलेलं असतं. मुखपृष्ठावरचा बारकोडचा चौकोनही बघा. ऐंशीच्या दशकातल्या आणि नव्वदीच्या अगदी सुरुवातीच्या अंकांत तिथे बारकोड असेल तर अंक बहुतेक स्टॉलवरचा; बारकोडच्या जागी स्पायडरमॅनचं डोकं किंवा असं काही चित्र असेल तर कॉमिक्सच्या दुकानातला. नव्वदीतल्या स्टॉलवरच्या प्रती चांगल्या अवस्थेत कमी मिळतात, म्हणून काही अंकांना थोडा जास्त भाव येतो.

आणि १९७४-७५ च्या मार्व्हलच्या अंकांत पान न् पान उलटा. तेव्हा आत 'मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प' नावाचं चित्र छापायचे, मुलांनी कापून वहीत चिकटवायचं. 'हल्क'चा १८१ वा अंक, वुल्व्हरिनची पहिली पूर्ण कथा, बाहेरून कोरा करकरीत आणि आत तेवढाच चौकोन कापलेला निघाला तर निम्म्याहून जास्त किंमत त्या कात्रीने नेलेली असते. एका प्रदर्शनात असाच घेतला आणि घरी येऊन उलटला. बायकोला अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल.

ग्रेडिंग करून घ्यावं का?

सीजीसी ही संस्था २००० मध्ये सुरू झाली. अंक पाठवला की ते तपासतात, दहापैकी गुण देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात. लेबल निळं म्हणजे साधा अंक, जांभळं म्हणजे डागडुजी केलेला, पिवळं म्हणजे साक्षीदारासमोर सही घेतलेला. बाराशे डॉलरच्या अंकासाठी जरूर करा. फसवणुकीची भीती जाते. पण फी आणि जाण्या-येण्याचं टपाल धरून एका अंकामागे तीस-चाळीस डॉलर सहज जातात. पाच डॉलरचा अंक डबीत घातल्याने तो पाच डॉलरचा डबीतला अंक होतो.

सांभाळायचं कसं, पाठवायचं कसं?

तळघरात ठेवू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ. ओल हा पहिला शत्रू, ऊन दुसरा, कसर तिसरी. उभे ठेवा, आडवे रचू नका. मागे आम्लविरहित पुठ्ठा, बाहेर मायलारची, म्हणजे टिकाऊ पारदर्शक प्लॅस्टिकची, पिशवी. मुंबई-पुण्यात ठेवायचे असतील तर पावसाळ्यात कपाट आठवड्यातून एकदा उघडा.

टपालाने पाठवताना अमेरिकेत 'मीडिया मेल'चा स्वस्त दर वापरू नका. कॉमिक्समध्ये जाहिराती असतात, म्हणून ती त्यात बसत नाहीत. तपासलं तर पार्सल अडकतं.

२०२१ मध्ये पुन्हा भाव चढले होते ना?

चढले होते. लोक घरात बसलेले, हातात मोकळे पैसे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी मार्व्हलची नवी टीव्ही मालिका. एखादं दुय्यम पात्र पडद्यावर येणार अशी नुसती कुजबुज झाली तरी त्याचा पहिला अंक रातोरात तिप्पट. त्या वर्षी स्पायडरमॅन पहिल्यांदा दिसला तो अंक, 'अमेझिंग फँटसी' १५, छत्तीस लाख डॉलरना गेला. २०२२ पासून सर्वसाधारण अंकांचे भाव उतरले. यावेळी मी फक्त विकले. उशिरा का होईना.

आपल्या इंद्रजाल कॉमिक्सना भाव येतो का?

येतो, आणि कारण तेच, वर सांगितलेलं. टाइम्स समूहाने मुंबईतून १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू केलं, किंमत साठ पैसे. मराठीतला वेताळ आपल्या पिढीने वाचनालयातून आणून, भावंडांत फिरवून, शेवटी रद्दीवाल्याच्या तराजूत घातला. १९९० मध्ये मालिका बंद पडली. कुणी पिशवीत घालून ठेवले नव्हते, म्हणून सुरुवातीचे अंक चांगल्या अवस्थेत मिळणं मुश्कील. गावच्या माळ्यावर ट्रंक असेल तर आधी ती बघा. तळघरातल्या पेटीपेक्षा तिथे काही निघायची शक्यता जास्त.

तुमचे ते तीन सुपरमॅन कुठे आहेत?

दोन माझ्याकडे आहेत, सीलबंद, पिशव्या आता हाताला चिकटतात. फाडलेला रूममेटने नेला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो, तेव्हा तो त्याच्या अभ्यासिकेत भिंतीवर चौकटीत दिसला, शेजारी ती काळी फीत, गाठ तशीच मारलेली. मी विचारलं, विकतोस का. तो नाही म्हणाला.